खारे आणि मतलई : पनवेल बंदराचे वारे

पनवेलची खाडी ठाणे खाडीच्या मुखाजवळून पूर्वेकडे जमिनीत शिरते आणि गाढी नदीला मिळून संपते. तिच्या वरच्या टोकाशी गाढीच्या दक्षिणेला जुने पनवेल आहे, उत्तरेला सिडकोने वसवलेले नवीन पनवेल आणि त्यातली खांदा कॉलनी. खाडीची ठेवण साधारण पूर्व-पश्चिम आहे. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे जवळपास याच रेषेत वाहतात. पनवेल हे शिडांच्या काळातले मोठे बंदर झाले, त्याची कारणे सांगताना बोरघाटाची वाट आणि मुंबईची जवळीक यांचा उल्लेख नेहमी होतो. या दोन वाऱ्यांचा सहसा होत नाही. घाटाखाली उतरलेला माल मुंबईला पोचवण्याचे काम मात्र याच वाऱ्यांनी केले.

वाऱ्यांचे मूळ जमीन आणि पाणी यांच्या तापण्यातल्या फरकात आहे. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच कोरड्या वाळूला त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकी पुरते. शिवाय ऊन पाण्यात खोलवर उतरते, लाटा आणि भरती-ओहोटी वरचे पाणी खालच्यात मिसळत राहतात आणि बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. जमिनीला असे काही साधत नाही. दिवसभराची उष्णता मातीत जेमतेम हात-दीड हात उतरते, सगळा भार वरच्या पातळ थरावर पडतो. एप्रिलच्या दुपारी खाजणातला सुकलेला चिखल अनवाणी पायाला सोसवत नाही, पण पलीकडच्या खाडीचे पाणी सकाळी होते जवळपास तसेच असते. उघड्या समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान दिवसभरात एका अंशानेही क्वचितच बदलते.

तापलेल्या जमिनीवरची हवा प्रसरण पावून वर चढते. उंचावर ती समुद्राच्या दिशेने ओसरते, त्यामुळे जमिनीवरचा वायुभार थोडा उतरतो. हा उतार एखाद-दोन मिलिबारचाच असतो, पण तेवढ्यावर समुद्रावरची थंड, दमट हवा किनारा ओलांडून आत येते. हा खारा वारा काही शे मीटर, फार तर एखादा किलोमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या डोक्यावरून उलटा प्रवाह समुद्राकडे परत जात असतो. सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता भराभर आकाशात सोडते, समुद्र ती धरून ठेवतो. मग जमिनीवरची गार, जड हवा उताराने पाण्याकडे सरकते. तोच मतलई. रात्री जमीन आणि पाणी यांच्यातला फरक दिवसाइतका मोठा नसतो आणि गार हवा जमिनीलगत पातळ थराने पसरते, म्हणून मतलई खाऱ्या वाऱ्यापेक्षा सहसा हलका असतो.

मुंबईच्या किनाऱ्यावर खारा वारा बहुधा दुपारच्या आधी सुटतो आणि पनवेलसारख्या आतल्या गावी थोडा मागून पोचतो. सुरुवातीला त्याची दिशा साधारण पश्चिमेची असते. पुढे पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो उजवीकडे वळत जातो आणि संध्याकाळपर्यंत वायव्येचा होतो. सूर्यास्तानंतर काही काळ आणि पुन्हा सकाळी ऊन चढेपर्यंत दोन्हींपैकी एकही वारा नसतो. दर्यावर्दी त्याला वारा पडला असे म्हणतात. शिडाच्या बोटीला हे दोन पहर सर्वांत जड जात, कारण तेव्हा वल्ही मारण्याखेरीज इलाज नसे.

पनवेलच्या पूर्वेला डोंगर जवळ आहेत. माथेरानचा सुमारे ८०० मीटर उंचीचा पठारी डोंगर, प्रबळगड, कलावंतीण आणि इरशाळगड यांची रांग गावातून स्पष्ट दिसते. गाढी माथेरानच्याच उतारांवरून येते. दिवसा हे उतार तापले की हवा दरीतून वर चढते आणि खाऱ्या वाऱ्याला पुढे ओढून घेते. रात्री कड्यांवरची गार झालेली हवा गाढीच्या खोऱ्यातून खाली येते आणि मतलईत मिसळते. डोंगर असा पाठीशी असल्यामुळे पनवेलचा मतलई निव्वळ सपाट किनाऱ्यावरच्या मतलईपेक्षा अधिक भरवशाचा ठरतो.

वर्षाचे सगळे दिवस मात्र सारखे नसतात. डिसेंबर ते फेब्रुवारी आकाश निरभ्र असते. पहाटेची हवा पनवेलकडे १५-१६ अंशांपर्यंत उतरते आणि समुद्र २५ अंशांच्या आसपास असतो. देशावरून येणारी ईशान्येची हवाही त्याच दिशेची, म्हणून मतलईचा खरा हंगाम हाच. मार्चपासून जमीन जोरात तापू लागते आणि खाऱ्या वाऱ्याचे बळ वाढते. याच दिवसांत कधी पूर्वेकडचा कोरडा वारा दुपारपर्यंत हटत नाही, समुद्राचा वारा उशिरा सुटतो, आणि तोवर तापमान भलतेच चढते. सांताक्रूझच्या वेधशाळेत २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती. मुंबईचा मार्च किती कडक जाईल हे खारा वारा किती वाजता सुटतो यावर बरेचसे अवलंबून असते. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे या दोन्ही छोट्या वाऱ्यांना झाकून टाकतात. ढगांमुळे जमीन दिवसा फारशी तापत नाही, रात्री फारशी निवत नाही. समुद्र बंद होतो आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहूनच पुढचा हंगाम उघडतो.

बंदराचा दिनक्रम वाऱ्याइतकाच पाण्यावर अवलंबून असे. पनवेलची खाडी उथळ आणि गाळाची आहे. ओहोटीला तिच्या वरच्या भागात दोन्ही बाजूंना चिखलाची खाजणे उघडी पडतात आणि मधे पाण्याची बारीक पट्टी उरते. भरलेला मचवा किंवा पडाव बंदरातून काढायचा तर भरतीच्या माथ्यावरच काढावा लागे. वेळ चुकली तर तो चिखलात बसे आणि पुढची भरती येईपर्यंत तिथेच राही. कोकणात भरतीचा हिशेब पंचांगावरून करतात. तिथीचा आकडा पाऊणपट केला की मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ जवळपास मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला बाराच्या आगेमागे. तीच वेळ दिवसा आणि रात्री दोन्हीकडे धरायची, त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. खाडीच्या टोकाला पाणी थोडे उशिरा चढते, तेवढी भर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आपल्या अनुभवाने घाली.

वारा सूर्याच्या वेळेने चालतो, भरती चंद्राच्या. वारा रोज त्याच सुमारास सुटतो, भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. म्हणून दोन्हींचा मेळ पंधरवड्यात काही ठरावीक दिवशीच बसतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मध्यरात्री खाडी काठोकाठ भरते. भात, लाकूड, गवत भरलेला पडाव तेव्हा सहज तरंगतो. नांगर उचलला की ओहोटीचे पाणी त्याला पश्चिमेकडे नेऊ लागते आणि त्याच सुमाराला डोंगराकडून मतलई उतरलेला असतो. परबाण या काठीवर शीड चढवले की वारा पाठीमागून मिळतो. पाणी आणि वारा दोन्ही सकाळी सहापर्यंत एकाच दिशेने चालतात. हिवाळ्यातल्या उधाणाची रात्र ही पनवेलहून मुंबईला निघण्याची सर्वांत चांगली वेळ होती.

परतीसाठी नेमके उलटे दिवस चांगले. उधाणाला दुपारी बारा ते सहा ओहोटी असते, म्हणजे खारा वारा पूर्वेकडे रेटतो आणि पाणी पश्चिमेकडे ओढते. अष्टमीच्या सुमारास दुपारी बारापासून संध्याकाळी सहापर्यंत पाणी चढत असते. मुंबईहून दुपारी निघालेल्या बोटीला तेव्हा बंदरातून वर जाताना पश्चिमेचा वारा बाजूने, पुढे खाडीत वळल्यावर तो पाठीमागून, आणि वर भरतीचे पाणी. पण अष्टमीचे पाणी भांगाचे. ते उधाणाइतके चढत नाही, त्यामुळे जड गलबत पार पनवेलच्या धक्क्यापर्यंत नेताना जपावे लागे. त्याच दिवशी पनवेलहून निघणाऱ्याची आणखी अडचण. संध्याकाळी सहाला भरती पूर्ण होते, पण तेव्हा वारा पडलेला असतो. मतलई जोर धरेपर्यंत ओहोटी निम्मी सरलेली असते. असे दिवस वल्ह्यांचे आणि लांब बांबूंनी बोट रेटण्याचे. बंदराचे कोणतेही वेळापत्रक कुठे छापलेले नव्हते, तरी तिथी, ऋतू आणि वारा माहीत असलेल्याला ते पाठ होते. कोकणच्या दर्यावर्दी ज्ञानाचा हा भाग लिहून ठेवण्याची फारशी कोणाला निकड वाटली नाही, ही मोठी हानी आहे.

या वाटेने माल आला तसे सैन्यही आले. नोव्हेंबर १७७८ मध्ये कर्नल एगर्टनच्या हाताखालची मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेलकडून बोरघाट चढायला निघाली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी तिला कोंडून तह करायला लावला. पुढे एप्रिल १७८१ मध्ये जनरल गॉडार्डची फौज बोरघाटातून मागे हटत पनवेललाच आली. पेशवाई संपल्यावर पुण्याची वाट अधिकच वाहती झाली. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि मुंबई-पुणे प्रवासाचा क्रम ठरून गेला. मुंबईहून पनवेलपर्यंत पाण्याने, तिथून चौक, खोपोली, खंडाळा असा जमिनीने. देशावरच्या बैलगाड्या पनवेलला येऊ लागल्या, त्यांच्यासाठी चाके बनवण्याचा धंदा इथे भरभराटला. १८५२ मध्येच पनवेलला नगरपालिका मिळाली. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी ती एक.

त्याच काळात पलीकडे मुंबईत कुलाब्याला या वाऱ्यांची मोजदाद सुरू झाली होती. जमीन-पाण्याच्या वाऱ्यांचे वर्णन युरोपात त्याआधीच झाले होते. इंग्रज दर्यावर्दी विल्यम डॅम्पियर याने १६९९ मध्ये छापलेल्या वाऱ्यांवरील निबंधात, उष्ण प्रदेशात समुद्राचा वारा सकाळी नऊच्या सुमारास उठतो असे नोंदवले आहे. त्याच्या तेरा वर्षे आधी एडमंड हॅली याने व्यापारी आणि मोसमी वाऱ्यांचे कारण सूर्याच्या असमान तापवण्यात शोधले होते. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली आणि १८४१ पासून तिथे हवामानाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. या नोंदींच्या आधारे फ्रेडरिक चेंबर्स याने १८७३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मुंबईच्या वाऱ्याच्या दैनंदिन फेऱ्यावर निबंध लिहिला आणि वाऱ्याचा संबंध वायुभाराच्या रोजच्या चढउताराशी जोडून पाहिला. वेधशाळेचे प्रमुख चार्ल्स चेंबर्स यांचा मुंबई इलाख्याच्या हवामानावरचा ग्रंथ १८७८ चा. १८९६ मध्ये नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. पनवेलचे तांडेल पिढ्यान्‌पिढ्या जे अंगाने जाणत होते ते इथे तासातासाच्या आकड्यांत आले. ज्ञानाच्या या दोन्ही परंपरा एकाच बंदराच्या दोन काठांवर नांदत होत्या, पण त्यांची गाठ क्वचितच पडली.

हॅलीची कल्पना मोसमी पावसापर्यंत ताणली की थोडी अपुरी पडते. जमीन तापते म्हणून समुद्राचा वारा आत येतो, हे खाऱ्या वाऱ्याइतकेच मान्सूनच्याही मुळाशी आहे. पण मान्सूनमध्ये विषुववृत्ताजवळचा कमी दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकणे, तिबेटच्या पठाराचे तापणे आणि पाऊस पडताना वाफेतून सुटणारी उष्णता यांचा वाटा मोठा आहे. दुसऱ्या टोकाला, खांदेश्वराच्या देवळाजवळचा तलाव किंवा जुन्या पनवेलचा वडाळे तलाव काठाला थोडा गारवा देतो, पण स्वतःचा वारा निर्माण करण्याइतका तो मोठा नसतो. त्यासाठी पाणी आणि जमीन दोन्ही काही किलोमीटर पसरलेली हवीत. पनवेलला वारा देतो तो अरबी समुद्र. खाडी फक्त त्याची वाट मोकळी ठेवते.

वाऱ्यांवर जगणारा दुसरा धंदा मिठाचा. उरण, पनवेल आणि पेण या पट्ट्यात खाजणांना बांध घालून एकीकडे भातशेती आणि दुसरीकडे मिठागरे केली गेली. उधाणाचे पाणी बांधाच्या उघाडीतून (दारातून) आत घ्यायचे, उथळ कप्प्यांतून एकापुढे एक फिरवायचे आणि ऊन-वाऱ्यावर आटवायचे. खारे पाणी आटायला नुसते ऊन पुरत नाही. पाण्यावर साचलेली दमट हवा हलवायला वारा लागतो, आणि देशाकडून येणारी कोरडी हवा त्या कामाला समुद्राच्या ओल्या हवेपेक्षा बरी. म्हणून मिठाचा हंगाम पावसानंतर जमीन सुकली की सुरू होतो आणि वळवाच्या पहिल्या सरीपर्यंत चालतो. पनवेलच्या कोळीवाड्याची मासेमारी मात्र वाऱ्यापेक्षा पाण्यावर अधिक चाले. खाडीत रोवलेल्या जाळ्यात मासा येतो तो भरती-ओहोटीच्या ओढीने.

बंदराची उतरण आगगाडीने सुरू झाली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे, १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आणि १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग पुरा झाला. पुण्याच्या उतारूला आता तिथी पाहण्याचे कारण उरले नाही. गाड्या कल्याणमार्गे गेल्या, पनवेल बाजूला पडले. जड माल आणखी बरीच वर्षे शिडांवरून जात राहिला, पुढे बोटींना यंत्रे बसली, मग रस्त्यांनी तोही ओढून घेतला. पनवेलला स्वतःचा लोहमार्ग दिवा-पनवेल असा १९६० च्या दशकात मिळाला, आणि मुंबईची उपनगरी गाडी १९९८ मध्ये आली.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबई या नव्या शहरासाठी घेतली गेली. खांदा गावच्या आसपासची भातखाचरे आणि खाजणे भरून त्यावर सेक्टरांची कॉलनी उभी राहिली. गावाचे नाव कॉलनीला आणि देवाचे नाव खांदेश्वर स्थानकाला मिळाले. इथल्या जमिनीच्या तापण्यात त्यामुळे मूलभूत बदल झाला. पाणी भरलेले भातखाचर दुपारच्या उन्हाचा मोठा भाग वाफेत घालवत असे. काँक्रीट आणि डांबर ते ऊन साठवतात आणि रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात. जमीन दिवसा अधिक तापली की खाऱ्या वाऱ्याला ओढ मिळते, पण उंच इमारतींची रांग त्याला अडवते. रात्री जमीन हवी तेवढी निवत नाही, म्हणून मतलई क्षीण होतो. इमारतींच्या पश्चिमेकडच्या खोल्यांना दुपारनंतर वारा लागतो, आणि आतल्या बाजूची घरे गुदमरतात, हा अनुभव कॉलनीत घरोघरी आहे. हिवाळ्यात दुसरी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. रात्रीचा हलका मतलई ईशान्येकडून, म्हणजे तळोजा औद्योगिक वसाहतीच्या बाजूने, सरकत येतो. पातळ गार थरात सापडलेला धूर वर न जाता वस्तीवरून खाडीकडे जातो, आणि दुसऱ्या दिवशी खारा वारा सुटला की त्यातला काही भाग परत आत येतो. कारखाने आणि वसाहत यांची जागा ठरवताना रात्रीचा वारा दिवसाच्या वाऱ्याइतकाच तपासायला हवा होता.

खाडीच्या दक्षिणेला उलव्याचा डोंगर कापून आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधला गेला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. त्याच्या धावपट्टीच्या दिशा ०८ आणि २६ या आकड्यांनी दाखवतात, म्हणजे होकायंत्रावर सुमारे ८० आणि २६० अंश, जवळजवळ पूर्व आणि पश्चिम. शिडाला वारा पाठीमागून किंवा बाजूने हवा असे. विमानाला तो समोरून हवा, कारण समोरच्या वाऱ्यावर कमी वेगात उचल मिळते आणि थोड्या धावपट्टीत थांबता येते. म्हणून खारा वारा जोरात असलेल्या दुपारी पनवेलच्या बाजूने येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरणे सोयीचे, आणि मतलई चालू असलेल्या पहाटे त्याच्या उलट, समुद्राकडून येऊन पूर्वेकडे.